दुकानातला संगणक पुन्हा हाताशी आणा

संगणक नवा आला आणि काम मात्र मंदावलं, ही तक्रार पुण्याच्या बुधवार पेठेत फिरताना कानावर येतेच. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात बिलं करणारा मुलगा, लग्नपत्रिकांच्या दुकानामागच्या खोलीत डीटीपी करणाऱ्या ताई, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिक मालाच्या व्यापाऱ्याचे हिशेब लिहिणारे काका. तिघांचे शब्द वेगळे, दुखणं एकच. एका क्लिकवर होणारी गोष्ट तीन क्लिकवर गेली. बटणं मोठी झाली आणि स्क्रीनवर मजकूर कमी मावायला लागला. नेहमीचा मेनू कुठे गेला, सापडत नाही. आणि यातले बरेच जण शेवटी स्वतःलाच बोल लावतात: ‘आमचं वय झालं’, ‘हे नवीन काही आम्हाला जमत नाही’.

त्यांना आणि तुम्हालाही आधी हेच सांगायचं आहे की यात तुमचं काही चुकलेलं नाही. फोन आणि टॅब्लेटवर बोटाने वापरायची जी मांडणी तयार झाली, तीच टेबलावरच्या संगणकावर आणून बसवली गेली. हातात माऊस, समोर कीबोर्ड आणि स्क्रीन मात्र बोटाची वाट बघणारा, असा हा बेबनाव आहे. तो बराचसा दूर करता येतो. त्यासाठी नवा संगणक लागत नाही, बहुतेक वेळा पैसाही लागत नाही. दुकान उघडायच्या आधीचा निवांत अर्धा तास पुरतो.

हे झालं कसं

26 ऑक्टोबर 2012 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 बाजारात आणलं, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. आयपॅड येऊन दोन वर्षं झाली होती, टॅब्लेटच सगळीकडे राज्य करणार असं वातावरण होतं. एकच विंडोज टॅब्लेटवरही चालावं आणि टेबलावरही, असं कंपनीने ठरवलं. विंडोज 95 पासून डाव्या खालच्या कोपऱ्यात बसलेलं स्टार्ट बटण काढून टाकलं. त्याच्या जागी सगळा स्क्रीन व्यापणाऱ्या रंगीत चौकोनी फरशा आल्या. संगणक बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग बाजूने एक पट्टी बाहेर येणार, तिच्यात सेटिंग्ज, तिच्यात पॉवर, मग शट डाउन. बोट कडेवरून आत ओढणाऱ्याला ही पट्टी सहज मिळायची. माऊसवाल्याला ती आहे हेसुद्धा कळायचं नाही, कारण स्क्रीनवर तिची काही खूणच नव्हती.

लोकांची नाराजी इतकी होती की वर्षाच्या आत, 17 ऑक्टोबर 2013 ला आलेल्या विंडोज 8.1 मध्ये स्टार्ट बटण परत आणावं लागलं. 29 जुलै 2015 च्या विंडोज 10 मध्ये मेनूही परतला. मग 5 ऑक्टोबर 2021 ला विंडोज 11 आलं आणि पुन्हा काही गोष्टी हलल्या. स्टार्ट बटण कोपऱ्यातून मध्यभागी गेलं, ओळींमधली अंतरं वाढली, उजव्या क्लिकचा मेनू अर्धा झाला आणि उरलेला अर्धा ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेला.

हे एकट्या मायक्रोसॉफ्टचं नाही. विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सच्या जगात एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 ही मांडणी आली, त्याच महिन्यात लिनक्सवरच बेतलेल्या उबुंटूने युनिटी नावाची नवी मांडणी सगळ्यांना दिली. दोन्हींवर जुन्या वापरकर्त्यांनी हाच आक्षेप घेतला. त्या नाराजीतूनच माटे आणि सिनॅमन या जुन्या वळणाच्या मांडण्या जन्मल्या, आणि युनिटी तर उबुंटूने 2017 मध्ये सोडूनच दिली. तेव्हा ‘नवं आलं की लोक कुरकुरतातच’ असं म्हणून हा विषय उडवून लावता येत नाही. ज्यांनी बदल केले त्यांनाच ते मागे घ्यावे लागले, ही नोंद आहे.

बोट आणि माऊस यांच्या गरजा वेगळ्या

सेटिंग्जकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. ती कळली की कुठल्याही नव्या प्रोग्रॅममध्ये नेमकं काय अडतंय हे तुमचं तुम्हालाच ओळखता येतं.

बोटाचं टोक जाड असतं. बटण चुकू नये म्हणून ते साधारण 7 ते 10 मिलिमीटरचं ठेवावं लागतं आणि शेजारच्या बटणापासून थोडं लांबही. माऊसच्या बाणाचं टोक मात्र सुईसारखं असतं. त्याला इतकी मोठी जागा लागत नाही, पण दुसरी एक गोष्ट लागते: बटणं जवळजवळ असणं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये हाताच्या हालचालींवर संशोधन करून मांडलं की एखाद्या जागी पोहोचायला लागणारा वेळ त्या जागेच्या आकारावर जसा अवलंबून असतो तसाच अंतरावरही. बटणं बोटासाठी मोठी करून लांब लांब पसरली की माऊसचा प्रवास वाढतो. एकदाच करायचं तर काही वाटत नाही. दिवसातून शेकडो वेळा करायचं तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. माऊसला न दाबता नुसतं बटणावर थांबता येतं, आणि थांबलं की ते बटण कशाचं आहे ते खाली लिहून येतं. बोटाला ही सोय नाही, ते टेकलं की दाबलंच गेलं. माऊसला उजवं बटण आहे, बोटाला नाही. म्हणून बोटासाठी मांडणी करणारे लोक नेहमीचे मेनू तीन ठिपक्यांच्या किंवा तीन आडव्या रेघांच्या मागे लपवतात, सरकपट्टी दोऱ्याएवढी बारीक करतात (बोटाने पानच सरकवता येतं ना) आणि नावांऐवजी नुसती चित्रं ठेवतात. फोनच्या वीतभर स्क्रीनवर हे शहाणपणाचं आहे. एकवीस-बावीस इंची मॉनिटरवर, जिथे सगळा मेनू नावांसकट सहज मावतो, तिथे ते लपवण्याला काही कारण उरत नाही.

मग टचचा मॉनिटरच घ्यावा की काय? अनेक दुकानदार हाच विचार करतात आणि विक्रेतेही तोच सल्ला देतात. माझं स्पष्ट मत आहे की बसून करायच्या कामासाठी तो घेऊ नये. उभ्या स्क्रीनकडे हात उचलून पुन्हा पुन्हा बोट लावायचं म्हणजे सगळा भार खांद्यावर येतो. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर कार्यक्रमात हेच सांगितलं होतं, की उभ्या पृष्ठभागावर टच चालत नाही, थोड्याच वेळात हात दुखू लागतो. त्यांच्या कंपनीने जगाला टचची सवय लावली, पण मॅक संगणकाला त्यांनी टच स्क्रीन दिला नाही.

जूनमधलं काउंटर

अप्पा बळवंत चौकातलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. शाळा सुरू व्हायचे दिवस, काउंटरला माणसं चिकटलेली, प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेली यादी. आतला मुलगा गठ्ठा आणून टाकतो आणि बिल करणारा एक हात पुस्तकांवर आणि एक हात कीबोर्डवर ठेवून काम करत असतो. तो स्क्रीनकडे फार बघतच नाही. पुस्तकाच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं, एंटर, नग, एंटर, पुढचं पुस्तक. बोटांना रस्ता पाठ असतो. नजर गिऱ्हाईकाकडे आणि कान मागच्या आवाजाकडे.

आता याच माणसाच्या पुढे असा प्रोग्रॅम ठेवा, ज्यात प्रत्येक पुस्तक म्हणजे एक मोठा चौकोन आहे आणि नग वाढवायला अधिक चिन्हावर टिचकी मारायची आहे. पाच पदार्थांच्या चहाच्या गाड्यावर ही मांडणी उत्तम चालेल. हजारो शीर्षकांच्या पुस्तकाच्या दुकानात ती माणसाची नजर स्क्रीनवर बांधून ठेवते आणि एक हात कीबोर्डवरून उचलायला लावते. रांग तिथेच तुंबते. बिलिंगचा प्रोग्रॅम निवडताना म्हणून विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: माऊसला हात न लावता एक पूर्ण बिल करा, एक नग परत घ्या आणि प्रिंट काढा. जमलं तर पुढे बोला.

हिशेबाचं टॅली दुकानोदुकानी टिकून आहे ते याच कारणाने. नोव्हेंबर 2020 मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा त्याचा चेहरामोहरा बराच बदलला, पण कीबोर्डचा रस्ता कायम राहिला. एफ 5 ला पेमेंट, एफ 6 ला रिसीट, एफ 8 ला विक्री, एफ 9 ला खरेदी, कंट्रोल आणि ए दाबून नोंद मान्य करायची. शिवाय आल्ट आणि जी दाबलं की ‘गो टू’ उघडतं, हवा तो अहवाल नावाने शोधता येतो. नव्या मांडणीमुळे गोंधळलेल्या कुठल्याही हिशेबनिसाने आधी ही एक जोडी शिकावी.

अर्ध्या तासात करायचे बदल

आता विंडोजकडे. बहुतेक दुकानांत आज विंडोज 10 किंवा 11 आहे, म्हणून त्या दोघांपुरतंच सांगतो. एक सूचना आधीच: सगळ्यांना मिळून अर्धाच तास लागत असला तरी एका वेळी एक बदल करा आणि दिवसभर वापरून बघा. सगळे एकदम केले तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

विंडोज 11 मध्ये स्टार्ट बटण परत डावीकडे न्यायचं असेल तर टास्कबारच्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा, खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये ‘अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ निवडा. फायदा दिसतो त्याहून मोठा आहे. बटण मध्यभागी असलं की एखादा प्रोग्रॅम उघडताच ते थोडं सरकतं. कोपऱ्यातलं बटण जागचं हलत नाही आणि माऊस डोळे मिटून कोपऱ्यात ढकलला तरी तिथेच जाऊन थांबतो. त्याच ठिकाणी ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ असा पर्याय दिसेल, तो ‘नेव्हर’ करा. 2023 च्या अखेरीच्या अपडेटपासून ही सोय परत आली आहे. यामुळे उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव खाली वेगळं दिसतं. एकाच वेळी चार पत्रिकांची प्रूफं उघडी असणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. ‘विजेट्स’चं बटणही तिथेच बंद करून टाका. माऊस चुकून त्यावरून गेला की बातम्यांचा अर्धा स्क्रीन अंगावर येतो, तो त्रास संपेल.

विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ उघडून ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’वर खूण करा. ओळींमधली बोटासाठी सोडलेली जागा आवळली जाते आणि त्याच खिडकीत पुष्कळ जास्त फाइली दिसतात. जुन्या मॉनिटरवर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

उजव्या क्लिकचा पूर्ण जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून उजवं क्लिक करा. दरवेळी ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये जायला नको. इंटरनेटवर यासाठी रजिस्ट्री बदलायच्या युक्त्या फिरतात. दुकानाच्या संगणकावर त्या करू नका, शिफ्टने भागतं.

सरकपट्टी गायब होत असेल तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ‘अॅक्सेसिबिलिटी’, ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ इथे जाऊन ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ चालू करा. विंडोज 10 मध्ये ‘ईझ ऑफ अॅक्सेस’च्या ‘डिस्प्ले’ पानावर पट्ट्या आपोआप लपवण्याचा पर्याय आहे, तो बंद करायचा.

विंडोज 10 असलेला, कीबोर्ड मागे वळवता येणारा लॅपटॉप कधीकधी आपणहून ‘टॅब्लेट मोड’मध्ये जातो आणि सगळे प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन व्यापून बसतात. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. उजव्या खालच्या कोपऱ्यातलं सूचनांचं चिन्ह दाबा आणि ‘टॅब्लेट मोड’ची फरशी बंद करा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खाली साइन इन करताना कायम डेस्कटॉप मोडच वापरायचा, असंही सांगून ठेवता येतं.

टच असलेला संगणक आधीच घेऊन झाला असेल आणि त्या टचचा उपयोग होत नसेल, उलट स्क्रीन पुसताना किंवा धुळीमुळे नको ते दाबलं जात असेल, तर टच बंद करता येतं. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’मध्ये ‘एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन’ शोधा आणि ‘डिसेबल डिव्हाइस’ निवडा. पुन्हा हवं असेल तेव्हा तिथूनच चालू होतं. पेठेतल्या रस्त्यावरच्या दुकानांत धूळ किती येते हे वेगळं सांगायला नको. आपोआप उघडबंद होणाऱ्या खिडक्यांचं मूळ कित्येकदा व्हायरसमध्ये नसतं, अशा मळलेल्या टच स्क्रीनमध्ये असतं.

लॅपटॉपला माऊस जोडून काम करत असाल तर टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याची खूण काढून टाका. टाइप करताना तळहात टेकून कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो, ते बंद होईल. मराठी मजकूर लावणाऱ्यांसाठी तर हे फार महत्त्वाचं. एक काना भलत्या शब्दात जाऊन पडला की प्रूफ वाचणाऱ्यालाच तो सापडतो, तोही नशीब असलं तर.

वर्ड, मेल आणि सरकारी संकेतस्थळं

वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावर वरची बटणं फुगलेली, लांब लांब दिसत असतील तर त्यात टच मोड चालू झालेला आहे. 2013 पासूनच्या ऑफिसमध्ये ही सोय असते. सगळ्यात वरच्या छोट्या पट्टीच्या शेवटच्या बाणावर क्लिक करा, ‘टच/माऊस मोड’ निवडा, पट्टीवर बोटाचं चित्र येईल, ते दाबून ‘माऊस’ करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण माहीत नसल्याने लोक वर्षानुवर्षं फुगलेल्या बटणांसोबत राहतात.

जीमेलमध्ये दातेरी चाकाच्या चिन्हावर क्लिक करून ‘डेन्सिटी’ला ‘कॉम्पॅक्ट’ करा, एका नजरेत दिसणाऱ्या पत्रांची संख्या वाढते.

कर भरण्याची, परवान्यांची, बँकांची संकेतस्थळं आता आधी फोनसाठी बनतात. मोठ्या स्क्रीनवर त्यातले रकाने एकाखाली एक लांबत जातात आणि ‘सबमिट’ बटण स्क्रीनखाली कुठेतरी राहतं. तिथे कंट्रोल धरून वजाचं बटण दोन-तीनदा दाबा, पान लहान होऊन आटोक्यात येईल. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार. ब्राउझर त्या संकेतस्थळापुरता तो आकार लक्षात ठेवतो, दरवेळी करावं लागत नाही. फॉर्म भरताना पुढच्या रकान्यात माऊसने जाऊ नका, टॅब दाबत चला. मागच्या रकान्यात यायला शिफ्ट आणि टॅब.

कीबोर्डची सवय हाच खरा उपाय

वर सांगितलेली सेटिंग्ज पुढच्या अपडेटमध्ये जागा बदलतील, नावंही बदलतील. कीबोर्डचे रस्ते मात्र वर्षानुवर्षं तेच राहिले आहेत. म्हणून माझा सगळा भर यावर आहे.

विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबा आणि लगेच प्रोग्रॅमच्या नावाची अक्षरं टाइप करायला लागा. स्टार्ट मेनू कसाही दिसो, हवा तो प्रोग्रॅम समोर येतो. जुनं कंट्रोल पॅनेलही असंच नाव लिहून उघडतं. विंडोज आणि ई दाबलं की फाइली, विंडोज आणि डी दाबलं की सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप, विंडोज आणि एक्स दाबलं की दुरुस्ती करणाऱ्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींचा एक छोटा, साधा, नावांचा मेनू. टास्कबारवरचा पहिला प्रोग्रॅम विंडोज आणि 1 ने उघडतो, दुसरा 2 ने. बिलिंग पहिल्या जागी ठेवा. डेस्कटॉपवर असताना आल्ट आणि एफ 4 दाबलं की संगणक बंद करायची चौकट समोर येते, कुठे काही शोधावं लागत नाही.

यातली दोनच या आठवड्यात उचला, कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवा. ती बोटांत बसली की पुढची दोन.

मराठी लिहिणाऱ्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण या पेठेचं आणि शेजारच्या शनिवार-नारायण-सदाशिवचं निम्मं छपाईचं काम त्यांच्या बोटांवर चालतं. देवनागरी संगणकावर आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना 1988 मध्ये पुण्यातच झाली, आणि डीटीपीवाल्यांच्या हातात बसलेलं श्री-लिपीही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची रचना अशी विचारपूर्वक केलेली आहे की स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे मराठी शब्द लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. हा सगळा विचार खऱ्या, दाबल्या जाणाऱ्या बटणांसाठी झाला आहे. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बोट टेकवून जोडाक्षरं लिहिणं म्हणजे ही सगळी मेहनत वाया घालवणं. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मिनिटाला तीस शब्दांपासून सुरू होते. तो वेग काचेवर येत नाही, कारण काचेवर बोटाला आपण कुठे आहोत ते कळत नाही. साध्या कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर उंचवटे असतात, तेवढ्यावर दहाही बोटं न बघता आपापल्या जागी जातात.

विंडोज 10 आणि 11 मध्ये इन्स्क्रिप्ट आहेच, ज्यांना ते येत नाही त्यांच्यासाठी उच्चारानुसार लिहायचा ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठी जोडायची आणि तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडायचा. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज आणि स्पेस. टास्कबारवर टच कीबोर्डचं चिन्ह दिसत असेल तर तेही काढून टाका, गर्दी कमी.

टच कुठे हवंच

रेल्वे स्थानकावरचं तिकिटाचं यंत्र, बँकेतलं पासबुक छापणारं यंत्र, हॉटेलात वेटरने ऑर्डर नोंदवायचा छोटा स्क्रीन, ही कामं उभ्याने, दोन-चार टिचक्यांत उरकणारी आहेत आणि वापरणारा दरवेळी नवा असतो. तिथे टचच योग्य. घरातल्या ज्येष्ठांचा हात थरथरत असेल, माऊसचं डबल क्लिक जमत नसेल, तर त्यांना मोठी बटणं आणि टॅब्लेट हाच आधार आहे. त्यांच्या संगणकावर वरचे बदल करायला जाऊ नका. आपल्याला जे अडचणीचं वाटतं तेच त्यांना सोयीचं असू शकतं, त्यांना विचारूनच काय ते ठरवा.

जुना संगणक आणि लिनक्स

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज 11 चढत नाही. असा संगणक घरात टंकलेखन, मेल, मुलांचा अभ्यास यासाठी वापरायचा असेल तर लिनक्स मिंट घालून बघा. त्याची सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई ही तिन्ही रूपं जुन्या वळणाची आहेत: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, मेनूत नावं. मराठी इन्स्क्रिप्टही त्यात चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आतलं काही न पुसता आधी वापरून बघता येतं. मात्र तुमचं काम टॅली, श्री-लिपी, कोरलड्रॉ किंवा पेजमेकरवर असेल तर या वाटेला जाऊ नका. ते प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेले आहेत आणि दुकानाचा संगणक हा प्रयोग करायची जागा नाही.

जुना स्टार्ट मेनू परत आणणारे प्रोग्रॅमही मिळतात. त्यातलं ओपन शेल मोफत आहे आणि त्याचा स्रोत खुला आहे. घ्यायचं तर त्याच्या मूळ जागेवरूनच घ्या. भलत्या संकेतस्थळावरून असं काही उतरवून घेतलं तर बिलांचा सगळा साठा धोक्यात येतो. आणि कुठलाही बदल करण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

नवं घेताना

काउंटर अरुंद, बसायला स्टूल, स्क्रीन एका कोपऱ्यात तिरका, अशीच बहुतेक दुकानांतली व्यवस्था असते. तिथे स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीवर बसेल एवढं साधलं तरी मानेचं निम्मं दुखणं जातं. टचसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या कीबोर्डवर, हातात नीट मावणाऱ्या तारेच्या माऊसवर आणि जमलं तर थोड्या मोठ्या मॉनिटरवर घाला. कीबोर्ड उजवीकडे अंकांची वेगळी पट्टी असलेलाच घ्या, बिलं करणाऱ्याला ती लागतेच.

आणि खोक्यावरच्या चित्रावर जाऊन खरेदी करू नका. तपकीर गल्लीत असो, पासोड्या विठोबापाशी असो की आणखी कुठे, दुकानदाराला संगणक चालू करून द्यायला सांगा, खुर्ची मागून घ्या, बसा, दहा-पंधरा ओळी मराठीत टाइप करा, चार फाइली उघडा, बंद करा. जो माणूस रोज त्यावर बसणार आहे त्यालाच सोबत न्या आणि ‘हो’ की ‘नाही’ ते त्याला ठरवू द्या. त्याच्या तोंडून होकार आल्याशिवाय पैसे देऊ नका.